वंगण आणि व्यास : काडतुसाच्या चरबीकडे पुन्हा एकदा बघताना

एमएससीच्या आधीची गोष्ट. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला एनसीसीच्या कॅम्पमध्ये पहिल्यांदा पॉइंट टू टू रायफल हातात आली. पाच गोळ्या मिळाल्या. त्या हातात घेतल्या तेव्हा बोटांना काहीतरी मेणचट लागलं. शिकवणाऱ्या हवालदारांना विचारलं, की सर, गोळीला मेण का लावलंय? ते म्हणाले, "हाथ पोंछो और लेट जाओ." मी हात पुसले आणि आडवा झालो. पाचातल्या दोन गोळ्या कागदाला लागल्या, बाकीच्या कुठे गेल्या ते आजतागायत कळलेलं नाही.

पण प्रश्न डोक्यात राहिला. पुढे रसायनशास्त्रात एमएससी केलं, आणि मग बऱ्याच वळणांनी विज्ञानाच्या इतिहासात पीएचडीला आलो. विषय ठरवताना गाईड मॅडमनी विचारलं, "तुला खरोखर काय जाणून घ्यायचंय?" तेव्हा तोंडातून पहिल्यांदा हेच आलं: गोळीला वंगण का लावतात?

आज त्याच प्रश्नाबद्दल लिहितोय. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिसवर अडकलेत. "सर, चांगला संशोधनप्रश्न कसा ओळखायचा?" असे मेसेज येतात. (मला सर म्हणू नका, अजून थिसिस जमा व्हायचाय.) त्याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. माझा प्रश्न आधी कसा चुकला आणि मग कसा सुधारला, ते सांगू शकतो. तेच सांगतो.

एका मार्काचा प्रश्न

१८५७ च्या उठावाचं तात्कालिक कारण कोणतं? शाळेत आपण सगळ्यांनी लिहिलंय: नव्या एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली होती, ती दातांनी तोडावी लागत होती, त्यामुळे हिंदू आणि मुसलमान दोन्ही शिपाई संतापले. एक मार्क.

मीही सुरुवात इथूनच केली. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा प्रश्न होता: काडतुसांना लावलेल्या वंगणात गाईची किंवा डुकराची चरबी होती का? रसायनवाल्या माणसाला हा प्रश्न फार आवडतो. हो किंवा नाही. नमुना मिळाला तर यंत्रात घाला, आलेख काढा, विषय संपला. सादरीकरणात समितीतल्या एका सदस्यांनी शांतपणे विचारलं, "समजा होती. मग? समजा नव्हती. मग?" माझ्याकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं. तो दिवस वाईट गेला. पण प्रश्न रास्त होता.

त्यानंतर मॅडमनी एक साधं काम दिलं. म्हणाल्या, "चरबी कोणाची ते सोड. आधी मला सांग, चरबी लावायचीच का?" म्हणजे हवालदारसाहेबांना विचारलेला तोच प्रश्न. फिरून तिथेच.

वंगण लागतं कशाला?

आपला 'काडतूस' शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. मुळात काडतूस म्हणजे कागदाची सुरळी, तिच्यात मोजून घातलेली दारू आणि टोकाला शिशाची गोळी. सुरळीचं टोक फाडायचं, दारू नळीत ओतायची, वरून गोळी ढकलायची, गजानं ठासायची. कंपनीच्या शिपायांच्या हातात एनफिल्डच्या आधी ज्या गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या, त्या अशाच भरल्या जात.

या जुन्या बंदुकीत एक मोकळीक होती. ब्राउन बेस जातीच्या बंदुकीच्या नळीचा व्यास साधारण ०.७५ इंच, आणि गोळीचा साधारण ०.६९ इंच. मधे ०.०६ इंच, म्हणजे दीड मिलिमीटर रिकामी जागा. गोळी नळीत अक्षरशः घरंगळत जायची. ही जागा मुद्दाम ठेवलेली होती, कारण काळी दारू जळते ती अर्धवट. १८७० च्या दशकात नोबल आणि एबल या दोघांनी बंद भांड्यात दारू जाळून मोजमाप केलं, तेव्हा दारूच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन पदार्थ म्हणून मागे राहतो असं दिसलं. हीच नळीत साचणारी काजळी. दहा-पंधरा बार झाले की नळी आतून अरुंद होते. गोळी सैल असेल तर तरीही भरता येते. नेम मात्र लागत नाही. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणं म्हणजे नशिबाची परीक्षा.

रायफलमध्ये नळीला आतून पिळाच्या खाचा असतात. गोळीनं त्या खाचा पकडल्या तर ती स्वतःभोवती फिरत सरळ जाते. पण पकडायच्या तर गोळी घट्ट हवी. घट्ट हवी तर काजळीतून खाली जात नाही. म्हणून जुने रायफलवाले गोळीभोवती वंगण लावलेलं कापड किंवा कातडं गुंडाळून ती ठासत. त्याला वेळ फार लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये क्लोद-एतिएन मिनिए या अधिकाऱ्यानं या कोड्यावर तोडगा लोकप्रिय केला. गोळी लांबट करायची आणि बुडाकडून पोकळ ठेवायची. भरताना ती नळीपेक्षा किंचित लहान. बार उडाला की वायूच्या दाबानं पोकळ बूड फुगतं आणि खाचांत जाऊन बसतं. म्हणजे जाताना सैल, येताना घट्ट. यासाठी शिसं मऊ लागतं. कथील किंवा अँटिमनी मिसळून कडक केलेलं चालत नाही, कारण ते वेळेवर फुगत नाही.

१८५३ ची एनफिल्ड याच तत्त्वावर चालायची. तिच्या काडतुसात गोळी कागदात गुंडाळलेली असायची आणि त्या गोळीकडच्या टोकाला बाहेरून वंगण लावलेलं असायचं. शिपायानं दुसरं टोक फाडून दारू ओतायची, काडतूस उलटं करून वंगणाचं टोक नळीत खुपसायचं, वरचा उरलेला कागद फाडून टाकायचा आणि ठासायचं. कागदाचं वेष्टण आणि वंगण गोळीबरोबर आत जायचं. वंगण काजळी मऊ ठेवायचं, म्हणून पुढची गोळी आत जाऊ शकायची.

इथे थांबून एक गोष्ट नीट बघा. दातांनी फाडायचं ते टोक एक आणि वंगण लावलेलं टोक दुसरं. मला हे कळलं तेव्हा मी फार खूश झालो होतो. वाटलं, सापडलं! शिपायांचा गैरसमज होता! मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एप्रिलमध्ये अंबाल्याला जाऊन आलायस का कधी?"

चाळीस अंशांचं रसायन

मुद्दा उष्णतेचा होता. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं. गुरांची चरबी चाळीस ते पन्नासच्या दरम्यान, आणि डुकराची त्याहूनही आधी. इंग्लंडच्या थंडीत मेण दगडासारखं कडक होतं, चरबी मऊ राहते. म्हणून तिथे चरबीचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण सोयीचं. उत्तर हिंदुस्थानात उन्हाळ्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. कातडी पिशवीत, उन्हात, शिपायाच्या कमरेला असलेल्या काडतुसाचं काय होत असेल? चरबी पातळ होते, कागदात जिरते, पसरते. मग 'हे टोक, ते टोक' हा फरक कागदावर राहतो, काडतुसावर नाही.

स्वयंपाकघरात बघायचं तर थंडीत घट्ट झालेलं तूप आणि मे महिन्यातलं तूप आठवा. तुपाची पुडी कागदात बांधून खिशात ठेवा, काय होईल ते सांगायला पीएचडी लागत नाही.

वंगण वाहून गेलं की दोन गोष्टी होतात. एक, गोळी कोरडी पडते आणि काजळीवर अडकते. दोन, चरबीतली मुक्त आम्लं शिशावर हळूहळू क्रिया करतात, गोळीच्या पृष्ठभागावर थर चढतो. म्हणजे भरायला आधीच घट्ट असलेली गोळी आणखी जड जाते.

आता प्रश्न बदललेला तुमच्याही लक्षात आला असेल. चरबी कोणाची हा प्रश्न बाजूला राहिला. नवा प्रश्न: ही बंदूक वंगणावर इतकी अवलंबून का होती?

व्यासाचा आकडा

उत्तर एका आकड्यात आहे. एनफिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच. तिच्यासाठी जी गोळी ठरली, तिचा व्यास ०.५६८ इंच. मधली मोकळीक ०.००९ इंच. मिलिमीटरमध्ये साधारण ०.२३. त्यातही कागदाचं वेष्टण धरायचं. जुन्या बंदुकीत दीड मिलिमीटर, नवीत पाव मिलिमीटरही नाही! एवढ्या जागेत काजळी, कागद आणि गोळी बसवायची, तर वंगण नसून चालणारच नाही. घट्ट गोळी वंगण मागते. वंगण उष्णतेला टिकत नाही. म्हणून वंगण कशाचं, हा प्रश्न एकदम मोठा होतो.

१८५७-५८ च्या धुमश्चक्रीत इंग्रज पलटणींनाच या बंदुका भरताना त्रास झाला. त्यानंतर वंगणात चरबी कमी आणि मेण जास्त होत गेलं, आणि १८५९ च्या सुमारास गोळीचा व्यास ०.५६८ वरून ०.५५० इंचावर आणला गेला. बुडाच्या पोकळीत टणक लाकडाची खुंटी बसवलेली असायची. बार झाला की ती आत घुसून शिशाला बाहेर दाबायची, त्यामुळे लहान गोळीही खाचा पकडायची. मोकळीक ०.००९ वरून ०.०२७ इंच झाली. तिप्पट. हा गुणाकार कुणीही करू शकतो, पण मी तो केला त्या दिवशी वहीत खाली दोन रेघा मारल्या होत्या.

आता गंमत बघा. उठावावरची जी पुस्तकं मी वाचली, त्यांत वंगणाबद्दल पानंच्या पानं होती, गोळीच्या व्यासाबद्दल बहुधा एक ओळही नव्हती. शस्त्रांच्या इतिहासावरची पुस्तकं उघडली, तर त्यांत व्यास दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत, आणि शिपाई गायब. एकाच वस्तूबद्दलची माहिती दोन वेगळ्या कपाटांत. माझा विषय या दोन कपाटांच्या मधल्या फटीत होता.

बरोबर आणि निरुपयोगी

आता इथे घसरायला फार सोपं आहे, आणि मी घसरलोही होतो. 'व्यास लहान असता तर १८५७ घडलंच नसतं' असं एक वाक्य मी मसुद्यात लिहिलं होतं. मॅडमनी त्याच्यावर लाल पेनानं नुसतं वर्तुळ काढलं. काहीच लिहिलं नाही. ते वर्तुळ बरोबर होतं.

घटनाक्रम बघू. १८५३ साली वंगण लावलेली काडतुसं हवामानाच्या चाचणीसाठी हिंदुस्थानात आली. तेव्हाच बंगाल लष्कराचे अ‍ॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी लेखी कळवलं होतं, की वंगण शिपायांच्या धर्मभावनेला बाधणारं नाही याची खात्री असल्याशिवाय ही काडतुसं हिंदी पलटणींना देऊ नयेत. म्हणजे धोका ठाऊक होता. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या दमदमला कुजबुज सुरू झाली. तिथे चौकशी झाली, तेव्हा दारूगोळा खात्यानं सांगितलं की मिश्रणात चरबी आणि मेण आहे, चरबी ठेकेदाराकडून येते, आणि ती अमुक प्राण्याची नसावी यासाठी काही खास खबरदारी घेतलेली नाही. थोडक्यात, कोणी तपासलंच नव्हतं.

म्हणजे माझ्या पहिल्या सिनॉप्सिसच्या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी खुद्द सरकारकडेही नव्हतं. शिपायांचा संशय अडाणीपणा नव्हता. ज्याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हतं, त्याबद्दल ते खात्री मागत होते.

जानेवारीच्या अखेरीस सरकारनं परवानगी दिली, की काडतुसं वंगणाविना घ्या आणि आपल्याला चालेल ते वंगण स्वतः लावा. मार्चमध्ये कवायत बदलली: दातांऐवजी हातानं फाडा. तोवर संशय वंगणावरून कागदावर सरकला होता. नवा कागद चकचकीत होता, जाळला की चरचरतो असं शिपाई म्हणत. मग कागद सरकारी रासायनिक परीक्षकाकडे गेला. त्यांनी निर्वाळा दिला, की कागदाला कसलंही तेल किंवा चरबी लावलेली नाही.

हा अहवाल वाचताना मला स्वतःलाच आरशात बघितल्यासारखं झालं. परीक्षकानं नेमकं तेच केलं, जे मी करायला निघालो होतो. नमुना घ्या, तपासा, हो किंवा नाही सांगा. उत्तर बरोबर होतं. आणि निरुपयोगी होतं. ज्या सरकारनं आदल्याच महिन्यात 'चरबी कोणाची ते आम्ही बघितलं नाही' असं कबूल केलं, त्याच सरकारच्या परीक्षकाच्या शब्दावर शिपायांनी विश्वास का ठेवावा? त्यात वर्षभरापूर्वी अवध खालसा झालेलं, समुद्रापलीकडे जायची अट घालणारा नवा भरती कायदा झालेला. कागदात तेल आहे का, हे प्रयोगशाळेत ठरतं. समोरचा माणूस खरं बोलतोय का, हे तिथे ठरत नाही.

आणखी एक तथ्य. २४ एप्रिलला मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ९० पैकी ८५ जणांनी काडतुसं नाकारली. १० मेच्या उठावाची ठिणगी तीच. पण ती काडतुसं नव्या एनफिल्डची नव्हतीच, जुन्याच पद्धतीची होती. म्हणजे व्यासाचा माझा लाडका आकडा मेरठला लागूच पडत नाही! तिथे वस्तू नव्हती, वस्तूबद्दलची गोष्ट होती. आणि ती गोष्ट वस्तूइतकीच खरी होती, कारण माणसं तिच्यावर उठली. वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडश्यांनी 'माझा प्रवास'मध्ये काडतुसांची हकीकत नोंदवली आहे. एका कोकणी भिक्षुकाच्या कानापर्यंत ती पोचली, यावरूनच तिचा वेग कळतो. ३१ जुलैला तर आपल्या कोल्हापुरात सत्ताविसावी पलटण उठली.

मग व्यासाचा उपयोग काय? एवढाच, आणि एवढा: व्यास उठावाचं कारण सांगत नाही. चरबीचा प्रश्न काडतुसात शिरला कुठून, ते सांगतो. थंड हवेच्या देशात ठरलेला एक आकडा उष्ण देशात आला, आणि त्याच्याबरोबर वंगणाची सक्ती आली. एवढंच विधान मी सिद्ध करू शकतो. त्याच्यापलीकडचं नाही.

रिव्हॉल्व्हरवाल्यांची वही

याच काळात अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या माणसांपुढे होता. कोल्टचं रिव्हॉल्व्हर १८३६ च्या पेटंटचं. सुरुवातीच्या रिव्हॉल्व्हरबरोबर गोळ्या ओतायचा साचाही मिळायचा. लोक घरीच शिसं वितळवून गोळ्या ओतत. गोळी मुद्दाम चक्रातल्या घरापेक्षा जराशी मोठी ठेवत. दांड्यानं ठासली की कडेचं शिसं अंगठीसारखं कापलं जायचं आणि गोळी आपोआप बरोबर मापाची व्हायची. वर बोटानं वंगण चोपडायचं. माप आणि वंगण, दोन्ही कामं माणसाच्या हातात.

धातूचं काडतूस आलं, तेव्हा स्मिथ अँड वेसनच्या मोठ्या रिव्हॉल्व्हरच्या पहिल्या काडतुसात गोळीचा पुढचा भाग पुंगळीच्या बाहेर असायचा आणि वंगणही बाहेरच. ते बोटाला लागायचं, धूळ धरायचं. १८७१ पासून रशियन सैन्यानं मोठी मागणी नोंदवली आणि त्यांच्यासाठी काडतूस बदललं. गोळीचा बुडाकडचा भाग पुंगळीत, वंगणाच्या खाचा आत झाकलेल्या. पुढे जवळपास सगळ्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांनी हीच पद्धत घेतली. इंग्रजांच्या लष्करातही १८६६ ची स्नायडर आल्यावर मेण गोळीच्या खाचांत, काडतुसाच्या आत गेलं. वंगण दिसेनासं झालं, ओठ-दातांचा संबंध संपला. बाहेर वंगण ठेवणारी जुनी पद्धत आज मुख्यतः एकाच ठिकाणी उरली आहे: पॉइंट टू टूच्या गोळीत. माझ्या बोटांना लागलेलं मेण हे त्या सगळ्या इतिहासाचं शेपूट होतं.

हौशी लोकांसाठी जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये आयडियल नावाची कंपनी काढली. साचे, हत्यारं आणि माहितीपुस्तिका. अशा कंपन्यांनी पुढे एक छोटा दाबयंत्र बाजारात रुळवला, आणि मला तो फार आवडतो. घरी ओतलेली गोळी साच्यातून निघते तेव्हा किंचित मोठी आणि थोडी वेडीवाकडी असते. ती ठराविक व्यासाच्या पोलादी भोकातून दांड्यानं दाबून काढायची, म्हणजे माप एकसारखं होतं. भोकाच्या भिंतीला बारीक छिद्रं. गोळी आत असतानाच त्या छिद्रांतून वंगण दाबानं तिच्या खाचांत भरलं जातं. एकच दांडा, एकच हालचाल: व्यास आणि वंगण. इतिहासाच्या पुस्तकांनी दोन कपाटांत ठेवलेल्या गोष्टी त्या यंत्रात एकत्र येतात, कारण वापरणाऱ्याला माहीत होतं की त्या वेगळ्या नाहीतच. गोळी मापानं लहान असेल तर गरम वायू तिच्या कडेनं निसटतो, शिसं खरवडतो आणि ते नळीला आतून चढतं. मग वरून कितीही उत्तम वंगण लावा, उपयोग होत नाही. वंगण मापाची चूक झाकत नाही.

याच परंपरेतला एक माणूस संशोधकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. फ्रँकलिन मान, शिक्षणानं डॉक्टर. त्यांचं 'द बुलेट्स फ्लाइट' १९०९ साली प्रसिद्ध झालं. गोळी भरकटते का, या एका प्रश्नावर त्यांनी अनेक वर्षं घालवली. ते गोळ्या मुद्दाम बिघडवत: कधी टोक, कधी बूड. सगळ्यांची नजर टोकावर असते. त्यांना दिसलं, की टोकाच्या बिघाडानं फारसं बिनसत नाही. बुडाची कड थोडी जरी खराब झाली तरी गोळी भरकटते. जे ठळक दिसतं ते कारण असेलच असं नाही, हे त्यांनी एकेक गोष्ट बदलून दाखवलं.

(हे वाचून कुणी घरी शिसं वितळवायला बसू नका. शिशाची वाफ आणि धूळ विषारी असते, आणि आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. मी स्वतः रिव्हॉल्व्हर फक्त संग्रहालयाच्या काचेतून पाहिलंय.)

तुमच्यासाठी

शेवटी, यातून मी काय शिकलो ते सरळ लिहितो.

हो-नाहीचा प्रश्न सुरुवातीला मोहात पाडतो. समितीतल्या त्या सदस्यांचा 'मग?' स्वतःला आधीच विचारून बघा. दोन्ही उत्तरांनंतर पुढे काही बदलत नसेल, तर तो तुमचा प्रश्न नाही.

वस्तू वापरणाऱ्याच्या हातून बघा. एनफिल्ड भरायच्या पायऱ्या मी पेन आणि कागदाच्या सुरळीनं शंभर वेळा करून बघितल्या असतील. होस्टेलवर हसले सगळे. पण कुठलं टोक कुठे जातं, हे तेव्हाच नीट कळलं.

माहिती कुठल्या कपाटात आहे ते बघा, आणि शेजारचं कपाटही उघडा. विज्ञानातून सामाजिक विषयांकडे येणाऱ्यांना हा एक फायदा असतो: आकडा दिसला की आपण घाबरत नाही. पण तोटाही तोच. आकडा सापडला की सगळं त्याच्याच खाली बसवावंसं वाटतं. मेरठसारखा एखादा पुरावा आकड्याच्या विरुद्ध जातो, तो पहिल्या प्रकरणातच लिहून टाका. शेवटच्या तळटीपेत लपवू नका.

आणि लाल वर्तुळ काढणारा गाईड मिळाला तर कपाळ बडवू नका. माझ्या त्या पानाची झेरॉक्स टेबलासमोर चिकटवलेली आहे. वाक्य अजून वाचता येतं: 'व्यास लहान असता तर…' रोज एकदा नजर जाते.

पुढच्या लेखात कागदाबद्दल लिहायचा विचार आहे, तो चकचकीत का दिसत होता याबद्दल. तोवर पेटला शुभेच्छा. काही अडलं तर लिहा, वेळ लागेल पण उत्तर देतो.